इतवारीला जाणारी उन्हाळवाट

नागपूरच्या जुन्या नकाशावर आठवडा पसरलेला दिसतो. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही सगळी वस्त्यांची नावे, आणि त्यांच्या मुळाशी आठवडी बाजार. त्यातली इतवारी सगळ्यांत मोठी झाली. किराणा ओळी, सराफा ओळी, लोहा ओळी अशा एकेका धंद्याच्या ओळी तिथे बसल्या, आणि रविवारचा बाजार रोजचा झाल्यावरही नाव रविवारचेच राहिले. या नावात एक माहिती दडलेली आहे. जो बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, तो शेजारच्या गल्लीसाठी भरत नाही. तो दुरून चालत किंवा बंडीने येणाऱ्यांसाठी भरतो. तेव्हा इतवारीचा इतिहास इतवारीत शोधून अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा कुही, उमरेड, मौदा, रामटेक, भिवापूर या बाजूंच्या शिवारांतून, तलावांच्या पाळींवरून आणि पाटांच्या कडेने येणाऱ्या वाटांत आहे. आणि या वाटांविषयी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: त्या बारमाही नव्हत्या. त्या उन्हाळ्याच्या वाटा होत्या. उन्हाळ्यात चालत, उन्हाळ्यात दुरुस्त होत, आणि त्यांच्या हक्काचे भांडणही उन्हाळ्यातच लागे. आज त्या मोडल्या आहेत याचे कारण लोकांनी चालणे सोडले हे नाही. ज्या उन्हाळ्याच्या कामावर त्या उभ्या होत्या, ते काम कोणाचे हेच ठरेनासे झाले, हे खरे कारण आहे.

आधी जमीन पाहू. नागपूर जिल्ह्यात वर्षाला सुमारे हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमिनीचा मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. ओली असताना तिच्यात बंडीचे चाक आसापर्यंत रुतते, बैलाचा पाय निघता निघत नाही. वाळली की तीच माती दगडासारखी होते. पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे तर पावसाळ्यात वाट आणि शेत यांत फरकच उरत नाही. शिवाय मध्ये नद्या आहेत. कन्हान, नाग, आंब, वैनगंगा यांना पूल फार उशिरा आले, आणि तेही मोठ्या सडकांवर. गावच्या वाटा नदीला उतारावरच ओलांडत, आणि उतार मिळतो तो पाणी ओसरल्यावर. म्हणून दिवाळीनंतर वाट हळूहळू उघडे, धान-ज्वारी खळ्यावर येई तशी तिच्यावर चाकोरी पडे, आणि फाल्गुन ते मृग या काळात ती पूर्ण भरात असे. मराठीत चाकोरी हा शब्द आपण कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. ज्या मुलखात ती दर पावसाळ्यात पुसली जाऊन दर वर्षी नव्याने पाडावी लागे, तिथल्या माणसाला हा अर्थ विचित्र वाटला असता.

यावर पहिली शंका कोणीही नागपूरकर घेईल: इथल्या उन्हाळ्यात चालणार कोण? मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. नवतपा लागला की आजही दुपारी इतवारीतली दुकाने अर्धी मिटतात. शंका रास्त आहे, पण ती दुपारची आहे. बैलबंडीची चाल ताशी तीन-चार किलोमीटर. कुही किंवा उमरेडहून इतवारी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हे अंतर बंडी रात्रीच कापत असे: संध्याकाळी ऊन उतरल्यावर जुंपायचे, आसाखाली कंदील टांगायचा, पहाटे एखाद्या तलावाच्या पाळीवर, आमराईत बैल सोडायचे, आणि दुसऱ्या रात्री पुढे. उन्हाळ्याची रात्र कोरडी असते, आभाळ मोकळे असते, पिकाची राखण नसते आणि शेतात कामही नसते. हे शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे. विदर्भात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. रब्बी घरात आलेली असते आणि पेरणीला दोन महिने असतात. विकायला धान्य आहे, ओढायला रिकामे बैल आहेत, वाट कोरडी आहे आणि लग्नसराईची खरेदी तोंडावर आहे. हे चारही योग वर्षातून एकदाच जुळतात, आणि ते नेमके सर्वांत तापलेल्या महिन्यांत जुळतात. हवामान सुखाचे होते म्हणून लोक चालले असे कोणी म्हणत नाही. दुसरा मोसमच नव्हता.

लमाणांच्या तांड्यांचा दाखला याविरुद्ध दिला जाऊ शकतो. रेल्वेच्या आधी या प्रदेशातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठी मिर्झापूरपर्यंत जात असे. पाठीवरच्या गोणीला सडक लागत नाही, मग वाटेचा आणि ऋतूचा एवढा संबंध कसा? पण तांडेही पावसाळ्यात थांबत, चराई बघून मुक्काम टाकत आणि कोरड पडल्यावर निघत. भिजलेला कापूस आणि विरघळलेले मीठ कोणी विकत घेत नाही. तांड्यांची वाट मोठी आणि गावची पांदण लहान, पण पंचांग एकच होते.

आता पाटांकडे वळू, कारण या वाटांची अर्धी हकीकत पाण्याची आहे. नागपूरच्या पूर्वेला, भंडारा-गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात सहा-सात हजार जुने तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. यांतले कितीतरी मालगुजारीच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या गावमालकीच्या, फार आधीचे, गोंड राजांच्या काळातले आहेत आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब सर्वमान्य आहे. नवेगावबांधचा तलाव परंपरा कोलू पाटील कोहळीच्या नावावर देते. या तलावांचे तंत्र साधे आणि काटेकोर आहे. दोन टेकड्यांमधली घळ मातीच्या पाळीने अडवायची, पाळीत तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, बसवायचे, तुडुमातून पाणी पाटाने काढायचे, आणि पाट चढाच्या कडेने असा फिरवायचा की पाणी आपल्या वजनानेच एका बांधीतून दुसरीत उतरत जाईल. खाली बोडी असते, ती वरच्या तलावाचे सुटलेले पाणी पुन्हा धरते. भारनियमन नावाची चीज नसलेली ही सिंचनव्यवस्था होती.

माणसाची वाट यात कुठे येते? पाळीवर आणि पाटाच्या काठावर. धानाच्या मुलखात उंच, घट्ट आणि सलग जमीन तेवढीच असते. बांधीतून चालता येत नाही, बांध हातभर रुंद असतात, त्यामुळे गावाहून शेताला आणि शेताहून पुढच्या गावाला जाणारी पायवाट पाटाला चिकटूनच जाते. जिथे पाट नाही अशा कोरडवाहू शिवारात हेच काम पांदण करते: दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमध्ये सोडलेली, बंडी जाईल एवढी खोलगट वाट, कडेला बाभूळ, बोर, पळस. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात आणि मुंबईहून निघणाऱ्या शासन निर्णयांतही पाणंदच असते. नागपूरकडचा शेतकरी ते वाचून पांदण समजतो, हा त्याचा मोठेपणा. पांदणीचे आणि पाटाचे नाते नावापुरते नाही. पावसाळ्यात पांदण स्वतःच नाला होऊन वाहते, उन्हाळ्यात पाट स्वतःच वाट होतो. तलाव आटत आला की पाटाच्या कोरड्या तळातून गुरे जातात, आणि तलावाच्या पोटातला गाळ उपसून बंडीने शेतात नेला जातो. हा गाळ म्हणजे खत. तो नेण्यासाठी पाळीवरची वाट सारखी करावी लागते, पाटातले गवत काढावे लागते, तुडुमाची दुरुस्ती करावी लागते. पाण्याची वाट आणि माणसाची वाट एकाच पंधरवड्यात, त्याच हातांनी, त्याच बंड्यांनी नीट होत असे. एकीचे काम थांबले की दुसरी आपोआप बिघडते, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायची आहे.

हे सगळे नुसते रिवाजावर चालत होते असा समज करून घेऊ नये. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजाराला गावाची मालकी दिली गेली, पण गावातल्या चालीरीतीही लिहून घेतल्या गेल्या. या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. गुरे कुठे चरतील, जळण कुठून आणायचे, पाणी कोणाला, वाट कोणाची, हे त्यात येई. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत मध्य प्रदेशच्या महसूल कायद्यातून आली आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत फक्त विदर्भासाठी ठेवलेल्या प्रकरणात शिल्लक राहिली. त्यातले कलम १६५ वाचण्यासारखे आहे. सिंचनाचा हक्क आणि जाण्या-येण्याचा हक्क ही दोन वेगळी कलमे नाहीत. एकाच उपकलमात, एकाच वाक्यात ती शेजारी बसली आहेत आणि त्यांच्यानंतर मासेमारीचा हक्क येतो. कायदा करणाऱ्यांना साहित्याची हौस नव्हती. गावात ज्या क्रमाने भांडणे होतात त्या क्रमाने त्यांनी लिहिले. पाट आणि वाट यांना वेगळे समजण्याची सवय आपली आहे. ज्यांनी त्या वापरल्या आणि ज्यांनी नोंदल्या, त्यांची नव्हती.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देणे बरे नाही. ही उन्हाळी दुरुस्ती करत कोण होते? मालगुजार स्वतः फावडे घेऊन पाळीवर उतरत नव्हता. पाळ कुळांनी आणि मजुरांनी बांधली, बरेचदा वेठीने. गाळ आधी कोणाच्या शेतात पडे आणि पाणी आधी कोणाच्या बांधीला मिळे, हे जातीने आणि जमिनीने ठरे. पांदणीवरून सगळेच जात असले तरी सगळ्यांना सारख्या मानाने जाता येत नव्हते. तेव्हा जुन्या वाटांचे गोडवे गाणे म्हणजे जुन्या गुलामीचे गोडवे गाणे नव्हे काय? आक्षेपाचा पहिला भाग संपूर्ण मान्य करावा लागतो. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. पण माझा मुद्दा मालगुजार चांगला होता हा नाही. काम ठरलेल्या ऋतूत होत होते, आणि ते कोणाचे हे लिहिलेले होते, एवढाच तो आहे. वेठ काढून टाकायची आणि काम ठेवायचे हे शक्य होते. प्रत्यक्षात वेठीबरोबर कामही गेले, आणि त्याची जबाबदारी मालगुजारावर टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप इतवारीच्या बाजूने येईल. इतवारी रेल्वेने वाढवली, पांदणींनी नव्हे, असे म्हणता येईल आणि त्यासाठी तारखा हाताशी आहेत. मुंबईची गाडी नागपुरात १८६७ मध्ये आली. १८८२ पर्यंत नागपूर-छत्तीसगड मीटरगेज राजनांदगावपर्यंत पोहोचली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन मोठी केली. १९०८ मध्ये उमरेड-भिवापूरवरून नागभीडला जाणारी छोटी गाडी सुरू झाली, आणि इतवारी हे तिचे स्टेशन. या तारखा खऱ्या आहेत, पण त्या माझ्याच बाजूने बोलतात. रूळ टाकणाऱ्यांनी स्टेशन इतवारीपाशी का आणले? कारण माल तिथे आधीच येत होता. आणि रूळ पडल्यावर बंड्या कमी झाल्या का? उलट वाढल्या. रेल्वे दोन स्टेशने जोडते. स्टेशन आणि खळे यांच्यामधले आठ-दहा कोस तिच्या कामाचे नसतात. पूर्वी ज्या गावाला दोन रात्री इतवारीची वाट धरावी लागे, ते आता एका रात्रीत जवळच्या स्टेशनावर धान उतरवू लागले, आणि त्यामुळे विकायला जास्त धान उरू लागले. छोट्या गाडीने पांदण मारली नाही, तिला शेजार दिला. गंमत म्हणजे गाडी आधी गेली: नागभीडची छोटी लाइन ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ मध्ये बंद झाली, आणि त्या पट्ट्यातल्या पांदणींवरून बंड्या त्यानंतरही जातच होत्या.

सरकारलाही उन्हाळ्याचे हे गणित चांगले ठाऊक होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतात जी मदतकामे काढली गेली, ती मुख्यतः सडकांची आणि तलावांची होती. पाऊस सुरू झाला की मोठी कामे बंद करून लोकांना पेरणीला परत पाठवायचे, हा दुष्काळ-संहितेचा नेम. त्यानंतर १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला गेला आणि पुढच्या दोन दशकांत रामटेकजवळचा खिंडसी, नागभीडकडचा घोडाझरी, सिंदेवाहीकडचा असोलामेंढा असे मोठे सरकारी तलाव झाले. इथे पहिल्यांदा एक फरक पडला. या तलावांचे कालवे खात्याचे होते, गावाचे नव्हते. कालव्याच्या काठावरून माणूस चालत होताच, पण आता तो हक्काने चालत नव्हता, कोणी अडवत नाही म्हणून चालत होता. हा फरक त्या वेळी कोणाला जाणवला नसेल. जुने मालगुजारी तलाव अजून हजारांनी होते.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान पुढे जिल्हा परिषदेकडे. गावाला पाणी मिळत राहिले, मात्र पाळ गावाची उरली नाही. गाळ काढायला मंजुरी लागू लागली, आणि मंजुरीला पंचांग नसते. ती मार्चअखेर येते किंवा येत नाही, आणि आलीच तर काम सुरू होईपर्यंत मृग लागतो. पाळीवर बेशरमाची झुडपे वाढली, तुडुम फुटले, पाट बुजले, आणि पाटाला धरून जाणारी वाट त्याबरोबर शेतात मिसळली. कोरडवाहू भागात हेच पांदणीचे झाले. दोन्ही बाजूंचा नांगर दर वर्षी तास-दोन तास आत सरकत गेला. पांदण ही अशी चीज आहे की तिच्यावर अतिक्रमण झाले हे कोणालाच सांगता येत नाही. ती वर्षाला वीतभर आक्रसते, आणि एका उन्हाळ्यात बंडी अडते तेव्हा कळते.

पेंच प्रकल्पाच्या कालव्यांनी या गोष्टीला एक उपरोधिक वळण दिले. नवेगाव खैरीच्या धरणापासून निघणाऱ्या उजव्या-डाव्या कालव्यांनी पारशिवनी, रामटेक, मौदा या भागांना सिंचन दिले, आणि नागपूरचे पिण्याचे पाणीही वर्षानुवर्षे उघड्या कालव्यातून शहराकडे येत राहिले. म्हणजे ज्या मुलखात उन्हाळ्यात पाट कोरडा असायचा, तिथे आता ऐन वैशाखात कालवा वाहू लागला, फक्त ते पाणी काठावरच्या गावाचे नव्हते, शहराचे होते. पूर्वी उन्हाळ्यात खेड्यातून शहराकडे माणसे आणि धान्य जाई. आता पाणी जाऊ लागले. बाष्पीभवन आणि गळती थांबवण्यासाठी पुढे शहराच्या पाण्याची नळवाट टाकली गेली. अभियांत्रिकीच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. पण नळवाट जमिनीखालून जाते. तिच्या काठावरून कोणी चालत नाही, आणि तिच्या दुरुस्तीत गावाचा हात लागत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे: गावोगाव डांबरी रस्ते झाले, धान्य आता इतवारीऐवजी कळमन्याच्या बाजार समितीत ट्रकने उतरते, मग पांदण हवी कशाला? याचे उत्तर शेतकरी एका वाक्यात देतो, की धान डांबरावर पिकत नाही. शेतातून डांबरापर्यंतचा अर्धा-एक किलोमीटर अजून पांदणच आहे, आणि बंडीला पुरणारी रुंदी ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरला पुरत नाही. रस्ता नाही म्हणून संत्र्याचा तोडा लांबतो, कापूस डोक्यावर आणावा लागतो, पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर उचलावे लागते. सरकारला हे पटले असावे, कारण २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. पांदण कालबाह्य असती तर तिच्यासाठी योजना काढावी लागली नसती. योजनेत खडी-मुरूम आहे, मजुरीची तरतूद आहे. पण पहिल्या दिवशी मोजणीला गेल्यावर जो प्रश्न उठतो तो खडीचा नसतो. ही वाट मुळात किती रुंद होती आणि कोणाच्या धुऱ्यातून जात होती, हा तो प्रश्न असतो. त्यावर तहसीलदारांपुढे संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज होतात, मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली दावे पडतात, साक्षी होतात, आणि तेवढ्यात पाऊस येतो.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या गावांत या वादाचे अर्धे उत्तर लिहिलेले आहे, ते मागितले मात्र क्वचित जाते. ज्यांची पांदण किंवा पाटावरची वाट बुजली आहे त्यांनी अर्जाबरोबर आपल्या मौजाच्या वाजिब-उल-अर्जची आणि चराई-जळणाचे हक्क नोंदणाऱ्या निस्तार पत्रकाची नक्कल काढावी, गावनकाशाशी ताडून पाहावी, आणि हे काम पाडव्याला सुरू करावे. मृगानंतर वाट मोजता येत नाही.